युरोपातली गार घरं, तापणारी घरं आणि न परवडणारं बिल

ऋजुता_बार्सिलोना

मंडळी, या विषयावर मराठीत माझ्या वाचनात फारसं काही आलं नाही, म्हणून हा धागा काढते आहे. मी बार्सिलोनात राहते. नोकरी वेगळीच आहे, पण आठवड्यातली एक संध्याकाळ आमच्या भागातल्या रहिवासी संघटनेत लोकांची वीज-गॅसची बिलं वाचून द्यायला बसते. माणसं फोल्डरमध्ये कागद नीट लावून आणतात आणि पहिलं वाक्य बहुतेकांचं एकच असतं, की मी काही जास्त वापरत नाही हो.

ते खरंच असतं. त्यांच्या बिलात वापर कमीच दिसतो, कारण घर गारठलेलं ठेवूनच ते राहतात.

घर धड राहण्याजोगं गरम (आणि आता गारही) ठेवण्यापुरती वीज किंवा गॅस न परवडणं, याला इकडे ऊर्जा-गरिबी म्हणतात. ब्रिटनमध्ये ब्रेंडा बोर्डमन या अभ्यासक बाईंनी १९९१ मध्ये मोजमाप सुचवलं होतं: घर पुरेसं गरम ठेवायला उत्पन्नाच्या १० टक्क्यांहून जास्त खर्च करावा लागत असेल, तर ते कुटुंब या गरिबीत मोजायचं. युरोपीय संघाची सांख्यिकी संस्था थेट लोकांनाच विचारते की घर पुरेसं गरम ठेवणं तुम्हाला परवडतं का. २०२१ मध्ये ६.९ टक्के लोक 'नाही' म्हणाले होते, २०२३ मध्ये १०.६ टक्के. आता यात सगळ्यात वर कोण असेल? स्पेन आणि पोर्तुगाल, दोन्हीकडे २०.८ टक्के. बल्गेरिया त्यांच्या अगदी मागोमाग. लक्झेंबर्ग २.१ टक्के, फिनलंड २.६.

म्हणजे ऊन खायला जगभरातून लोक जिथे येतात, तिथलेच लोक घरात कुडकुडतात. १९८८ ते १९९७ या काळातल्या मृत्यूंचा एक जुना अभ्यास आहे. त्यात बाकीच्या महिन्यांच्या तुलनेत हिवाळ्यातले जादा मृत्यू पोर्तुगालमध्ये २८ टक्के निघाले आणि फिनलंडमध्ये १०. थंडी फिनलंडची जास्त, पण भिंती, खिडक्या आणि तापवण्याची सोय तिथे थंडी धरूनच बांधलेली.

बार्सिलोनाच्या उत्तरेला नोउ बार्रिस नावाचा भाग आहे. दक्षिणेतल्या आंदालुसियाहून कामाला आलेल्या लोकांसाठी ५०, ६० आणि ७० च्या दशकांत तिथे भराभर इमारती उठल्या. घराच्या उष्णतारोधनाचा स्पेनमधला पहिला सक्तीचा नियम १९७९ चा, म्हणजे या इमारती त्याच्या आधीच्या. पातळ वीट, वर गिलावा, संपलं. अनेक ठिकाणी लिफ्ट नाही. सेंट्रल हीटिंग नाही. नारिंगी रंगाचा ब्युटेनचा सिलिंडर जिन्याने वर चढवायचा आणि त्यावर चाकांची शेगडी चालवायची. काही घरांत अजून जुनी पद्धत आहे: गोल टेबल, त्यावर जमिनीपर्यंत येणारं जाड कापड आणि टेबलाखाली विजेची शेगडी. सगळे त्या कापडात पाय घालून बसतात. मी अशा एका घरी गेले होते. पाय छान शेकत होते, आणि आजी बोलत असताना तोंडातून वाफ निघत होती.

त्याच आजी ऑगस्टमध्ये भेटल्या तेव्हा म्हणाल्या की रात्री झोपच लागत नाही, भिंतीला हात लावला तर भिंत कोमट लागते. सगळ्यात वरचा मजला, वर नुसता स्लॅब. जी भिंत जानेवारीत ऊब बाहेर सोडते, तीच ऑगस्टमध्ये ऊन आत घेते. मला या धाग्यात मुख्य बोलायचंय ते हेच. सरकारी कामकाजात हिवाळ्याचं बिल एका खात्याकडे, उन्हाळ्याच्या लाटा दुसऱ्याकडे आणि इमारत दुरुस्ती तिसऱ्याकडे. राहणाऱ्या माणसाला मात्र घर एकच असतं.

कातालोनियात, म्हणजे बार्सिलोना ज्या स्वायत्त प्रदेशात येतं तिथे, एक गोष्ट फार चांगली झाली. १ लाख ४० हजारांहून जास्त सह्या गोळा करून लोकांनीच कायद्याचा मसुदा संसदेत नेला आणि जुलै २०१५ मध्ये तो एकमताने मंजूर झाला. कायदा २४/२०१५. बिल थकलं म्हणून वीज, गॅस किंवा पाणी तोडण्याआधी कंपनीने पालिकेच्या समाजकल्याण विभागाला विचारलंच पाहिजे, की हे कुटुंब अडचणीत आहे का. असेल तर तोडता येत नाही. पण कायदा कागदावर आला म्हणजे झालं असं होत नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये रेउस गावात ८१ वर्षांच्या एक बाई घरात लागलेल्या आगीत गेल्या. वीज सुमारे दोन महिन्यांपूर्वी तोडलेली, उजेडासाठी मेणबत्ती लावलेली. आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं, असं तिथल्या पालिकेने सांगितलं. त्यानंतर हजारो लोक रस्त्यावर उतरले. २०१७ पासून बार्सिलोना पालिकेने शहरभर ऊर्जा सल्ला केंद्रं उघडली आहेत. बिलं तपासणं, थकबाकीचं बोलणं, घरी येऊन फटी बुजवून देणं ही कामं तिथे फुकट होतात.

तुम्ही जिथे आहात तिथे काय दिसतं, ते लिहा. आकड्यांपेक्षा पाहिलेलं जास्त हवंय.

वर्धा_रोड

ताई, धागा आवडला. एक शंका प्रामाणिकपणे विचारतो. आम्ही नागपूरकर मे महिन्यात ४५ अंश काढतो. तिकडे ३८ ला माणसं मरतात असं वाचलं की कळत नाही. सवय नसते एवढंच कारण आहे का?

सेनकाठ

@वर्धा_रोड, सवय हा एक भाग झाला. मी पॅरिसला आहे, इथलं सांगतो.

ऑगस्ट २००३ मध्ये फ्रान्समध्ये जवळजवळ १५,००० माणसं उष्म्याने गेली. सगळ्या युरोपचा आकडा नंतर ७०,००० च्या वर निघाला. दिवसाचं तापमान मोठं होतंच, पण घात केला रात्रींनी. ११ आणि १२ ऑगस्टला पॅरिसचं किमान तापमान २५.५ होतं. शरीराला सावरायला रात्र मिळालीच नाही. नंतरच्या अभ्यासात कोण गेलं ते तपासलं, तर वय, एकटं राहणं, आजारपण आणि छपराच्या लगेच खाली झोपायची खोली असणं, या गोष्टी पुन्हा पुन्हा पुढे आल्या.

पॅरिसची छपरं जस्ताची असतात. दिसायला देखणी. ती बसवण्याची कारागिरी २०२४ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीतही गेली. पण पातळ पत्र्याखाली सहाव्या-सातव्या मजल्यावर पूर्वी मोलकरणींसाठी ठेवलेल्या खोल्या आहेत, आणि आज तिथे विद्यार्थी, नुकतेच आलेले स्थलांतरित आणि एकटे म्हातारे राहतात. भाड्याने द्यायला किमान ९ चौरस मीटर असावी लागते, तेवढीच असते. मी शिकायला आलो तेव्हा अशाच खोलीत होतो. उतरत्या छपरात एक खिडकी, तिला बाहेरून झडप नाही, म्हणजे दुपारी ऊन थेट गादीवर. ओली चादर लावली की तासाभरात वाळून कडक व्हायची. पंखा लावला तर गरम वाराच यायचा. तुमच्या नागपूरच्या घरात कूलर असतो, गच्ची असते, माळा असतो, दुपारी खिडक्या लावून घ्यायची रीत असते. इथलं घर बांधलंय थंडीसाठी, आणि तेही अर्धवट.

त्या ऑगस्टमध्ये अनेकांचे नातेवाईक सुट्टीवर होते. कित्येक मृतदेह न्यायला कुणी आलंच नाही. तिए गावच्या स्मशानात ५७ जणांचं दफन झालं तेव्हा राष्ट्राध्यक्ष शिराक स्वतः हजर होते. पुढच्या वर्षी कायदा झाला: वर्षातला एक दिवस सगळ्यांनी बिनपगारी काम करायचं आणि तो पैसा वृद्ध आणि अपंगांच्या देखभालीला द्यायचा. आधी त्यासाठी पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सोमवारची सुट्टी घेतली होती. पालिकेने एकट्या-दुकट्या माणसांची नोंदवही सुरू केली, लाट आली की त्यांना फोन जातात. मात्र नाव स्वतः किंवा ओळखीच्या कुणीतरी नोंदवावं लागतं, आणि ज्याचं कुणीच नाही त्याला ते सांगायला जाणार कोण, हा प्रश्न राहतोच. २०२३ मध्ये ८५० हून जास्त युरोपीय शहरांचा अभ्यास आला, त्यात उष्म्याने मरण्याचा धोका सर्वाधिक असलेली राजधानी पॅरिसच होती.

वर्धा_रोड

आता चित्र स्पष्ट झालं, आभार. आणि खरं सांगायचं तर आमच्याकडेही पत्र्याखाली राहणाऱ्यांचं हेच आहे. त्यांचे मृत्यू कुठे मोजले जातात?

ब्रमिंगकर

एरवी वाचनमात्र असतो, आज राहवलं नाही. बर्मिंगहॅममध्ये पंचवीसेक वर्षं झाली.

इथला प्रीपेड मीटर हा प्रकार आपल्या लोकांना माहीत असायला हवा. गॅसला कार्ड, विजेला किल्ली. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन १०-२० पौंड भरायचे आणि घरी येऊन मीटरला लावायचं. पैसे संपले की अंधार. यात कंपनीला तोडायला यावंच लागत नाही, माणूस आपोआप तुटतो आणि कुठल्याही यादीत येत नाही. शिवाय रोजचा स्थिर आकार चालूच राहतो. उन्हाळाभर गॅस पेटवला नाही तरी तो साचतो, आणि ऑक्टोबरात कार्ड भरलं की पहिले पौंड त्यातच जातात. आमच्या गल्लीतल्या दुकानदाराला थंडीत विचारा, गुरुवारी कोण ५ पौंड भरून जातं ते तो बरोबर सांगेल.

२०२१-२२ च्या हिवाळ्यात साधारण घराच्या वर्षाच्या बिलाची सरकारी कमाल मर्यादा १,२७७ पौंड होती. ऑक्टोबर २०२२ साठी ती ३,५४९ जाहीर झाली. सरकारला मध्ये पडून २,५०० वर रोखावी लागली. त्याच हिवाळ्यात ग्रंथालयं, चर्च, गुरुद्वारे यांनी 'इथे येऊन ऊब घ्या' म्हणून दारं उघडली. वसुलीवाले कोर्टाचा हुकूम घेऊन आजारी लोकांच्या घरात शिरून जबरदस्तीने प्रीपेड मीटर बसवत होते, हे फेब्रुवारी २०२३ मध्ये उघडकीस आलं आणि ते थांबवावं लागलं.

आणि ओल. रॉचडेलमध्ये डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा घरातल्या बुरशीमुळे गेला. आईवडील तक्रार करत होते आणि त्यांना त्यांच्याच राहणीमानाचं कारण दिलं जात होतं. आता त्याच्या नावाने कायदा आहे. ऑक्टोबर २०२५ पासून गरजूंना स्वस्त भाड्याने घरं देणाऱ्या सामाजिक गृहसंस्थांना ठराविक मुदतीत ओल-बुरशीची पाहणी आणि दुरुस्ती करावी लागते. खाजगी भाडेकरूंना मात्र अजून तो लागू नाही, आणि आपली बरीच मुलं खाजगी घरांतच राहतात.

ऋजुता_बार्सिलोना

काका, 'माणूस आपोआप तुटतो आणि यादीत येत नाही' हे वाचून थांबले. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांचं तेच आहे. थकबाकी एक पैशाची नसते. शेगडी लावलेलीच नसते.

कोथरूडचा_प्रसाद

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून विचारतोय. गरिबांना बिलात थेट सूट दिली तर प्रश्न सुटत नाही का? भिंती दुरुस्त करायला दशकं लागतील. सूट उद्या देता येते.

ऋजुता_बार्सिलोना

प्रसाद, सूट हवीच. २०२२ च्या संकटात स्पेनने अडचणीतल्या कुटुंबांना विजेच्या बिलात ६५ आणि अगदी बिकट स्थितीतल्यांना ८० टक्के सूट दिली, ती नसती तर आमच्या खोलीबाहेर रांग मावली नसती. पण दोन गोष्टी जवळून दिसतात.

एक, सूट मिळायला विजेचा करार स्वतःच्या किंवा घरातल्या कुणाच्या नावावर लागतो, आणि सरकारी नियमनातल्या दराचाच लागतो. पोटभाडेकरू, एकेका खोलीत राहणारी कुटुंबं, ज्यांचं बिल मालकाच्या नावावर येतं, ते सगळे बाहेर. जे सर्वात अडलेले, ते अर्जसुद्धा करू शकत नाहीत. सेल्समनने दारात गोड बोलून खुल्या बाजारातला करार गळ्यात मारलेला असेल तर तेही बाहेर, आणि असा करार काय असतो हे त्यांना माझ्याकडून कळतं.

दुसरं, सूट म्हणून दिलेला पैसा त्याच गळक्या भिंतीतून बाहेर जातो. पुढच्या वर्षी पुन्हा तेवढाच द्यायचा. युरोपीय आयोगाच्याच आकड्यांप्रमाणे संघातल्या सुमारे ७५ टक्के इमारती ऊर्जेच्या दृष्टीने वाया घालवणाऱ्या आहेत, आणि दरवर्षी जेमतेम १ टक्का इमारतींची ऊर्जा-दुरुस्ती होते. या वेगाने माझी मुलगी म्हातारी होईल. २०२० मध्ये त्यांनी २०३० पर्यंत ३.५ कोटी इमारतींचं लक्ष्य ठेवलं, ते योग्यच होतं. पण कुणाच्या इमारती आधी, हे ठरलं नाही की ज्याला कागद भरता येतात आणि आधी पैसे घालता येतात, त्याचीच इमारत आधी होते.

नेकारची_पोर

ऋजुता, तुझ्या शेवटच्या मुद्द्यावर जर्मनीचा अनुभव. आम्ही श्टुटगार्टजवळ भाड्याने राहतो, इथे निम्म्याहून जास्त लोक भाडेकरूच.

मालकाने इमारतीला बाहेरून उष्णतारोधक थर दिला तर त्या खर्चाचे ८ टक्के दरवर्षी भाड्यात वाढवता येतात (२०१८ पर्यंत ११ टक्के होते). सहा वर्षांत दर चौरस मीटरला ३ युरोची कमाल मर्यादा आहे, पण ६० मीटरच्या घराला तेसुद्धा महिन्याला १८० युरो झाले. हीटिंगमध्ये वाचतात त्याहून किती तरी जास्त. म्हणून परात बांधली जाताना दिसली की आमच्या इमारतीतले जुने लोक... माफ करा, परांची. परांची दिसली की ते घाबरतात. ज्यांच्यासाठी दुरुस्ती, त्यांनाच घर सोडावं लागायची पाळी येते.

एक चांगला नियम २०२३ पासून आलाय. हीटिंगवरचा कार्बन कर पूर्वी सगळा भाडेकरू भरायचा. आता इमारत जितकी वाईट, तितका मालकाचा वाटा मोठा, अगदी ९५ टक्क्यांपर्यंत. निर्णय ज्याच्या हातात, भार त्याच्यावर. रक्कम अजून लहान आहे, पण दिशा मला पटते.

बुरशीचं काकांनी लिहिलं तसंच इथे. आमच्या आधीच्या घरात कोपरा काळा पडला, तर मालकाच्या एजंटने पहिला प्रश्न केला की तुम्ही रोज भाज्या शिजवता का आणि खिडक्या किती वेळा उघडता. इथे दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळवायची असते. आम्ही करत होतो. ती भिंत बाहेरची, कोपऱ्यातली आणि बर्फासारखी गार होती. दमट हवा तिथेच पाणी सोडणार, स्वयंपाक मराठी असो की जर्मन.

कारितास या संस्थेचा २००८ पासूनचा एक उपक्रम मात्र मनापासून आवडतो. दीर्घकाळ बेरोजगार असलेल्या लोकांना शिकवून गरीब घरांत वीज-तपासणीला पाठवतात. ते बल्ब, बटणांच्या पट्ट्या फुकट बसवून देतात, फ्रिज जुना असेल तर नव्यासाठी मदत मिळवून देतात. येणाऱ्याने स्वतः तंगी भोगलेली असते, त्यामुळे दार उघडणाऱ्याला लाज वाटत नाही.

सागरवाट

पिरेउसला शिपिंगच्या ऑफिसात आहे. ग्रीसचं थोडं.

अथेन्समधल्या बहुतेक इमारतींचा जन्म साधारण आपल्या पुण्यातल्या बंगल्यांच्या रीडेव्हलपमेंटसारखा: जागेच्या मालकाने प्लॉट द्यायचा, बिल्डरने बांधायचं आणि मालकाला मोबदल्यात फ्लॅट. तळघरात एक तेलाचा बॉयलर, सगळ्या मजल्यांना मिळून. टाकी भरायची तर सगळ्यांनी वर्गणी द्यायची. ऑक्टोबर २०१२ मध्ये, ऐन मंदीत, सरकारने हीटिंगच्या तेलावरचा कर डिझेलइतका केला. ज्यांच्या नोकऱ्या गेल्या होत्या त्यांनी वर्गणी थांबवली, आणि टाकी रिकामी म्हणजे सगळीच इमारत गार. ज्याची ऐपत होती तोही. लोकांनी फर्निचर, रंगवलेली लाकडं, मिळेल ते जाळायला सुरुवात केली. त्या हिवाळ्यात रात्री शहरावर धुराचा थर बसायचा, गॅलरीत उभं राहिलं की डोळे चुरचुरायचे. डिसेंबर २०१३ मध्ये थेसालोनिकीत वीज तोडलेल्या घरात कोळशाच्या शेगडीच्या वायूने एक १३ वर्षांची मुलगी गेली. त्यानंतर सरकारला गरीब घरांची वीज जोडून द्यावी लागली, आणि पुढच्या वर्षी तेलावरचा करही कमी केला.

२०२१ मध्ये अथेन्सने उष्म्यासाठी वेगळी अधिकारी नेमली, युरोपातली पहिली. लाट आली की पालिकेचे ज्येष्ठांचे क्लब एसी लावून उघडे ठेवतात. चांगलं आहे, पण ४० अंशांत तिथपर्यंत चालत जायचं असतं.

वर्धा_रोड

मग एसीच का लावत नाहीत सगळीकडे? एकदाचा खर्च.

ऋजुता_बार्सिलोना

युरोपात साधारण पाच घरांपैकी एका घरात एसी आहे. स्पेन, इटली, ग्रीसमध्ये बराच जास्त. आजारी आणि वृद्ध माणसाला हवाच, त्यावर माझा वाद नाही. अडचण अशी की इथे विजेच्या बिलात एक भाग मंजूर भाराचा असतो. पैसे वाचवायला गरीब घरं भार कमीत कमी ठेवतात. मग एसी आणि वॉशिंग मशीन एकत्र लावलं की मीटर आपोआप वीज बंद करतो. भार वाढवला तर बारा महिने जास्त भरायचं. भाडेकरूला भिंतीला भोक पाडायला मालकाची परवानगी, दर्शनी बाजूला यंत्र लावायला इमारतीच्या सभेची. आणि त्या यंत्राची गरम हवा गल्लीत, शेजारणीच्या खिडकीशी.

२०२२ च्या उन्हाळ्यात युरोपात उष्म्याने ६१ हजारांहून जास्त मृत्यू झाल्याचा अंदाज आहे, स्पेनमध्ये ११ हजारांहून जास्त. बार्सिलोनाने २०२० पासून 'हवामान-निवारे' केलेत: ग्रंथालयं, नागरी केंद्रं, संग्रहालयं, बागा. सुरुवातीला सुमारे ७० होते, आता ३५० च्या वर. ११ शाळांची मैदानं डांबर काढून झाडं, सावली आणि पाण्याने बदलली, ती मी पाहिली आहेत, मुलं खरंच दुपारी तिथे खेळतात. पण बरेच निवारे संध्याकाळी बंद होतात, काही रविवारी आणि काही ऐन ऑगस्टमध्ये. सेनकाठ यांनी लिहिलंय की जीव घेतात त्या रात्री. रात्री माणूस स्वतःच्या घरातच असतो. म्हणून माझा हट्ट वरच्या मजल्यांच्या छपरांचा. आधी स्लॅबवर थर, बाहेरून झडपा, चाळणीसारख्या खिडक्यांच्या जागी धड खिडक्या. तेही नोउ बार्रिससारख्या भागांपासून, पूर्ण सरकारी पैशाने आणि भाडं न वाढवण्याच्या लेखी अटीवर.

ब्रमिंगकर

पूर्ण सहमत, फक्त एक पुरवणी. काम कोण तपासतं तेही अटीत घाला. आमच्याकडे सरकारी योजनेतून बाहेरच्या भिंतींना थर लावले, आणि राष्ट्रीय लेखापरीक्षकांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं की त्यातल्या ९८ टक्के घरांत काम सदोष आहे, वेळीच दुरुस्त केलं नाही तर ओल धरेल. माझ्या ओळखीच्या एका आजींच्या घरी थराच्या वरच्या कडेला पाणी अडवणारी पट्टीच लावली नव्हती. पावसाचं पाणी थराच्या मागे उतरलं आणि कोरडी असलेली भिंत फुगली. कंत्राटदार फोन उचलत नाही.

कोथरूडचा_प्रसाद

हा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. सूट विरुद्ध भिंत असा वाद मी घालत होतो, पण भाड्याची अट आणि कामाची तपासणी यांशिवाय भिंतीचा पैसाही वाया जातो, हे पटलं. बल्गेरियाने २०१५ मध्ये जुन्या सदनिकांच्या इमारतींसाठी १०० टक्के अनुदान दिलं होतं, त्याबद्दल कुणाला जवळून माहिती असेल तर लिहा.

अनघा_जळगाव

अवांतर होत असेल तर क्षमस्व. माझा मुलगा सप्टेंबरात पॅरिसला शिकायला चाललाय. खोली बघताना नेमकं काय बघायचं?

सेनकाठ

अनघाताई, अवांतर कसलं. जाहिरातीत घराची ऊर्जा-श्रेणी छापणं बंधनकारक आहे, ए ते जी. जी असेल तर नकोच. १ जानेवारी २०२५ पासून जी श्रेणीचं घर नव्याने भाड्याने देताच येत नाही, तरी देणारे देतात. एफला २०२८ पर्यंत मुदत आहे. छपराखालची खोली स्वस्त मिळेल, पण खिडकीला बाहेरून झडप आहे का ते विचारा, आतल्या पडद्याचा उपयोग नाही. हीटिंग इमारतीचं की खोलीतलं विजेचं, आणि बिल कुणाच्या नावावर, हे करारात लिहून घ्या. भिंतीच्या कोपऱ्यात कपाट लावलेलं असेल तर ते ओढून मागे बघायला सांगा, ताजा रंग फक्त तिथेच दिला असेल तर खाली बुरशी आहे असं समजा. मुलाला मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करायला सांगा, खोली नक्की करायच्या आधी मी जाऊन बघून येईन.